तळाला पाच तारे, तारांना एक

बोटी दुरुस्त करणाऱ्या या यार्डला पाटी नाही, त्यामुळे नाव लिहायचा प्रश्नच येत नाही. गोव्यात पोंबुर्पे सोडून हळदोण्याच्या बाजूला निघालं की खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावर एक मानस लागते, म्हणजे भरतीचं पाणी अडवायचं दार. तिच्या अलीकडे माडांच्या सावलीत चार-पाच फायबरच्या होड्या पालथ्या पडलेल्या दिसतात, एखादी मोठी बोट ठोकळ्यांवर उभी असते आणि जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत लेपाचा, वास रस्त्यापर्यंत येतो. 'मानशीकडचं यार्ड' म्हणून विचारा, कोणीही दाखवेल. मालकाला सगळे मेस्त म्हणतात. मीही तेच म्हणते, ते मला 'दोतोर' म्हणतात.

मी म्हापशात दातांचा दवाखाना चालवते. बोट आहे म्हटलं की लोक माझ्या पुढच्या बिलाकडे संशयाने बघतात, म्हणून आधीच सांगते. आमची 'वटवट्या' ही २४ फुटांची, वीस वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली फायबरची केबिन क्रूझर आहे. आत दोन माणसं पाय न दुमडता झोपतात, एक शेगडी आहे, एक पडद्यामागचा संडास आहे, आणि उभं राहायचं झालं तर मला जमतं, नवऱ्याला नाही. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन सकाळपासून एका सुरात बडबडतं, म्हणून हे नाव. रविवारी मांडवीतून चोडण-दिवाडीला वळसा घालायचा, कधी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं, एखादी रात्र नदीतच नांगर टाकून काढायची, एवढीच तिची मजल. आग्वादच्या बाहेर समुद्रात आम्ही फक्त जानेवारी-फेब्रुवारीत डोकावतो.

यार्डात जायचं कारण पाणी. दर रविवारी फळी उचलली की बिल्जमध्ये, म्हणजे फळीखालच्या तळाच्या पोकळीत, दोन बादल्या पाणी. आधी एका वेगळ्या ठिकाणी दाखवलं होतं. त्यांनी पाच दिवसांत तळ घासून वर चकचकीत रंग मारून दिला, फोटो फार छान आले. पाणी दोन बादल्यांचं तीन बादल्या झालं. त्या ठिकाणाबद्दल अधिक काही लिहीत नाही. तिकडे पुन्हा जाणार नाही, एवढं पुरे.

नवऱ्याची यादी वेगळी होती. त्याला लिथियम बॅटरी, सोलर, छोटा फ्रिज, निळे दिवे आणि स्पीकर हवे होते. मेस्तांनी ती यादी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवून शेवटपर्यंत वाचली, घडी करून परत दिली आणि म्हणाले, "उदक खंयच्यान येता तें पयलीं पळोवया." पाणी कुठून येतं ते आधी बघू. तिथेच माझं मत झालं की बोट इथे ठेवायची.

इथे क्रेन नाही, हे जाणाऱ्याने आधीच समजून घ्यावं. नदीत उतरत गेलेला सिमेंटचा उतार, त्यावर रुळांवरची एक गाडी आणि वर एक विंच. भरतीला बोट गाडीवर आणायची, बांधायची आणि विंचने ओढून घ्यायची. उताराचं शेवटचं टोक गाळाने भरलंय, त्यामुळे आमच्यासारख्या पठाण, म्हणजे तळाचा कणा, खोल असलेल्या बोटीला साधी भरती पुरत नाही, उधाणच लागतं. म्हणजे पौर्णिमा नाही तर अमावास्या. मच्छीमारांच्या हलक्या होड्या भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान, भरतीलाही वर येतात, आमची नाही. याचा अर्थ असा की काम तीन दिवस लांबलं तर तुमचे पंधरा दिवस गेले. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली नाही, म्हणून मी सांगते आहे.

आम्ही २०२५ च्या होळीच्या पौर्णिमेला वर आलो. ओढण्याचं काम बघण्यासारखं असतं. मेस्त स्वतः कमरेएवढ्या पाण्यात, दोन पोरं नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोऱ्यांवर, आणि विंचवर त्यांची बायको. ओरडाआरडा नाही. त्या बाई हाताच्या खुणेवर दोर ढिला करत होत्या, घट्ट करत होत्या. बोट ठोकळ्यांवर बसेपर्यंत पाऊण तास गेला आणि कुठे ओरखडासुद्धा नाही.

तळ धुतल्यावर खरं दिसलं. चकचकीत रंगाखाली पुटकुळ्या. काही मसुरीएवढ्या, काही रुपयाच्या नाण्याएवढ्या. मेस्तांनी एक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फोडली आणि मला म्हणाले, वास घ्या. व्हिनेगर. फायबरच्या थरात वर्षानुवर्षं पाणी झिरपत गेलं की आतल्या रेझिनमधून आम्लासारखं काहीतरी सुटतं, ते आणखी पाणी ओढून घेतं, आणि दाब वाढून जेलकोट फुगतो. दातांच्या माणसाला हे नव्याने शिकवावं लागत नाही. हिरडीवर पुळी आली की वरून मलम लावून काय होतं ते मी रोज बघते. आधीच्या लोकांनी मलमच लावलं होतं.

मोजल्या तेव्हा साठाच्या वर भरल्या. त्यांनी प्रत्येक पुटकुळी ग्राइंडरने उघडून बशीसारखी पसरट केली आणि मग नुसतं गोड्या पाण्याने धुवायला घेतलं. एक दिवस नाही, आठवडाभर, रोज सकाळ-संध्याकाळ. आम्ल निघून जायला हवं, नाहीतर वरून इपॉक्सी भरली तरी आत पुन्हा तेच. नंतर सुकवणं. साध्या पॉलिथिनचा चौकोनी तुकडा तळावर चारही बाजूंनी टेपने चिकटवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी आतून दव धरलंय का बघायचं, ही त्यांची कसोटी. माझ्यासमोर एकदा दव निघालं. "फाल्यां," मेस्त म्हणाले.

'फाल्यां' म्हणजे कोंकणीत उद्या. या यार्डात ते वेळेचं माप आहे.

पाण्याच्या दोन बादल्यांचा हिशेब मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी लावला. थोडं शाफ्टच्या ग्लॅण्डमधून (इंजिनपासून पंख्याकडे, म्हणजे प्रॉपेलरकडे, जाणारा दांडा बोटीबाहेर पडतो तिथली गाळणी-बंद खोबण), थोडं डेकवरून आणि उरलेलं एका पितळी कॉकमधून. हा कॉक म्हणजे संडासाला लागणारं बाहेरचं पाणी आत घ्यायचा नळ, पाण्याच्या रेषेखाली फूटभर. बाहेरून हिरवट, पण धडधाकट दिसत होता. मेस्तांनी चाकूच्या पात्याने त्याच्या दांड्यावर ओरखडा काढला. पिवळा निघायला हवा होता, निघाला गुलाबी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त विरघळून जातं आणि तांब्याचा पोकळ सांगाडा उरतो. आकार तोच, जीव गेलेला. मला राहवेना. पर्समध्ये दवाखान्याचा एक प्रोब होता, तो टेकवून बघितला. मऊ दातात रुततो तसा टोकाला अडकला. मग मेस्तांनी त्याला पाना लावून जरा झटका दिला आणि दांडा तुकडा होऊन त्यांच्या हातात आला. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. अजून माझ्या दवाखान्यात टेबलावर आहे, पेशंट विचारतात हे काय.

फूटभर खोलीवर एक इंची भोक पडलं तर मिनिटाला चाळीसएक लिटर पाणी आत येतं. आम्ही त्या कॉकवर दोन वर्षं झोपलो होतो, शब्दशः. तो बंकच्या खालीच आहे.

बोटीवरचे दोन्ही कॉक ब्राँझचे घेतले. बाजारात पितळी कॉक निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि दिसायला सारखेच असतात, घराच्या नळाला ते ठीक आहेत. मेस्तांनी मला दुकानात घेऊन जाऊन दोन्ही हातात देऊन दाखवले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले की पितळी आणलात तर मी बसवणार नाही, दुसरीकडे न्या. या माणसाचं हे 'नाही' मला फार आवडतं. बोटीच्या धंद्यात हो म्हणणारे पुष्कळ मिळतात.

ग्लॅण्डचं काम सोपं निघालं. आतली डोरी वाळून दगड झालेली, आणि कोणीतरी गळती थांबवायला नट आवळत गेलं होतं. त्यामुळे शाफ्टवर खाच पडायला सुरुवात. ग्लॅण्ड पूर्ण कोरडा करायचा नसतो हे मला तेव्हा कळलं. इंजिन चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत, तेच त्याचं वंगण आणि तोच थंडावा. बोट थांबली की थेंब थांबायचे. खाच थोडी होती म्हणून शाफ्ट वाचला. पंख्यालगतची रबरी बेअरिंग मात्र ढिली होती, तीही बदलली.

इंजिनचा इम्पेलर बघण्याचं त्यांच्या यादीत नव्हतं, मी सहज विचारलं म्हणून त्यांनी झाकण उघडलं. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी खेचणारं हे रबरी फूल, सहा पाकळ्यांचं. चार होत्या. दुसरा कोणी असता तर नवा घालून झाकण लावलं असतं. मेस्तांनी कामच थांबवलं आणि उरलेल्या दोन पाकळ्या शोधायला लागले. पाइप काढला, एक तिथे मिळाली. दुसरी हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी, नळ्यांवर आडवी पडलेली. तिथेच राहिली असती तर नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतच राहिलं असतं आणि आम्ही थर्मोस्टॅटला शिव्या देत बसलो असतो. रूट कॅनालमध्ये फाइलचं टोक तुटलं तर ते कुठे गेलं हे कळेपर्यंत मला घरी जाता येत नाही. पहिल्यांदाच दुसऱ्या धंद्यातला माणूस तसा वागताना बघितला.

डेकची गोष्ट थोडक्यात. नाळेकडच्या कठड्याचे खांब स्क्रूने बसवलेले, स्क्रूच्या भोकातून पाणी आतल्या प्लायपर्यंत पोचलेलं. मेस्त गुडघ्यांवर बसून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले. टक, टक, टक, ठप. जिथे ठप झालं तिथे खडूने रेघ. दोन बाय दीड फुटांचा तुकडा कापला तर आतलं प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हाताने निघालं. नवं प्लाय घेताना त्यांनी शिक्का बघायला लावला, आयएस ७१०. तोच मरीनचा. नुसतं 'वॉटरप्रूफ' म्हणून जे देतात ते ३०३ असतं, स्वयंपाकघराच्या कपाटाला चालेल. आणि स्क्रूसाठी भोक पाडायची त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे: आधी दुप्पट मोठं भोक, ते इपॉक्सीने पूर्ण भरायचं, वाळलं की त्याच्या मधोमध खरं भोक. मग पाणी शिरलंच तरी लाकडाला लागत नाही.

फायबरचं काम ते सकाळी सहाला सुरू करायचे आणि नऊला बंद. मला आधी आळस वाटला. मग एकदा साडेदहाला एका पोराने मग भरून पॉलिएस्टर रेझिन कालवलं आणि मॅटवर पसरायच्या आत मगातच त्याचा धूर निघायला लागला. एप्रिलच्या उन्हात हार्डनर थोडा जरी जास्त पडला तरी असं होतं. मेस्त त्याला काही बोलले नाहीत. तो मग उचलून नदीत बुडवला आणि पोराला चहा आणायला पाठवलं.

जस्ताच्या पट्ट्यांवरून आमचा खरा वाद झाला. शाफ्टला आणि सुकाणूला ज्या बळीच्या पट्ट्या लावतात, म्हणजे ॲनोड, त्या आम्ही कायम जस्ताच्या लावत आलो. मेस्त म्हणाले, ॲल्युमिनियमच्या लावा. मला पटेना. त्यांनी मग जुनी पट्टी दाखवली. दोन वर्षं झाली तरी जवळजवळ अख्खी, वर पांढरट कवच. मी म्हटलं, बघा, टिकलीय. ते म्हणाले, टिकली म्हणजे कामच केलं नाही. या पट्टीने झिजायचं असतं, म्हणजे पंखा झिजत नाही. आमची बोट जिथे उभी असते तिथलं पाणी मार्चमध्ये खारट, जुलैत जवळजवळ गोडं आणि मधले महिने मचूळ. निव्वळ खाऱ्या पाण्यात जस्त छान चालतं, मचूळ पाण्यात त्याच्यावर कवच धरतं आणि ते झोपी जातं. ॲल्युमिनियम दोन्हीकडे जागं राहतं.

चांदीच्या जुन्या भरावाच्या दातावर चॉकलेटची चांदी चावली गेली की जो झटका बसतो, तोच हा खेळ. दोन धातू आणि मध्ये खारट पाणी. हे मी पेशंटला तीस वर्षं समजावत आलेय आणि माझ्याच पंख्याच्या कडा खाल्ल्या जात होत्या ते मला दिसलं नाही. मेस्तांना सांगितलं तर ते इतके हसले की खोकला लागला. आता तेही गिऱ्हाइकांना चॉकलेटचं उदाहरण देतात म्हणे.

तळाचा रंग तांब्याचा, स्वतः झिजत जाणारा. पहिला हात लाल, दुसरा निळा. निळ्यातून लाल दिसायला लागला की रंगाची वेळ झाली, डायरीत तारीख बघायला नको. साधी युक्ती, पण आधी कोणी केली नव्हती. अडीच लिटरचे दोन डबे लागले. यार्डात फिरणाऱ्या एका रंगवाल्याने 'जुना, जालीम' रंग देतो म्हणून कानाशी लागायचा प्रयत्न केला. पूर्वी कथिलाच्या संयुगाचे रंग असायचे, बार्नॅकल, म्हणजे तळाला चिकटणारे कवचवाले जीव, जवळ फिरकत नसत. त्या रंगांमुळे कालवांची शिंपलं वेडीवाकडी व्हायला लागली आणि गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले, म्हणून २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ पासून ते रंग जगभर बंद झाले. या रंगवाल्याच्या डब्यात खरोखर काय होतं देव जाणे. मेस्तांनी त्याला फाटक दाखवलं. ज्या नदीतल्या तिसऱ्यो आपण खातो तिच्यात काय सोडायचं याचा विचार या माणसाला आहे.

आता तक्रारी.

शब्द होता पाडव्याचा. फाल्गुनी अमावास्येच्या उधाणाला बोट पाण्यात, पाडव्याला गुढी बोटीवर, असा माझा बेत. तळ वाळला नव्हता, ते मला मान्य. पण वाळला नाही हे मला पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी, मी पाहुण्यांना बोलावून झाल्यावर कळलं. फोन उचलत नाहीत. सकाळी हात रेझिनमध्ये असतात, दुपारी झोप, संध्याकाळी म्हणे रेंज नसते. हनुमान जयंतीची पौर्णिमा चुकली ती मात्र तळामुळे नाही, वायरिंगमुळे. शेवटी २७ एप्रिलच्या अमावास्येला बोट पाण्यात गेली. दोन आठवड्यांचं काम सहा आठवड्यांवर. केबिनच्या गाद्या झाका असं मी दोनदा सांगितलं होतं, तरी एका गादीवर निळा डाग आहे. तो आता कायमचा.

आणि वायरिंग. इथे मी खरंच चिडले आहे. मेस्त स्वतः विजेचं काम करत नाहीत, एक गाडीचा इलेक्ट्रिशियन बोलावतात. तो माणूस गोड आहे, पण बोट म्हणजे त्याच्या लेखी छप्पर असलेली जीप. कथिलाचा मुलामा नसलेली साधी तांब्याची वायर, पिळून जोडलेले सांधे आणि वर काळी टेप, तेही बिल्जमध्ये. खाऱ्या हवेत अशी वायर आतून काळी पडते, बाहेरून कळत नाही. मी हटकलं तेव्हा दिसणारे सांधे त्याने नीट क्रिंप करून, गरम करून आवळणारी नळी चढवून दिले. न दिसणारे तसेच राहिले.

खरी गंमत जूनमध्ये कळली. आम्ही बोट सोडताना मेन स्विच बंद करतो, सगळेच करतात. पहिला मोठा पाऊस रात्रभर कोसळला. सकाळी ब्रिटोनाच्या घाटावर गेले तर वटवट्या मागून जरा बसल्यासारखी दिसली. आत पाणी फळीपर्यंत. पंप नवा, पाणी चढलं की पंप चालू करणारा फ्लोट स्विच नवा, तो हाताने उचलला तरी हूं नाही की चूं नाही. मेन स्विच चालू केला आणि पंप धडाडून सुरू झाला. म्हणजे पंपाची वायर त्याने मेन स्विचच्या पुढे जोडली होती. बोटीवर कोणी नसताना आपोआप चालायचा जो पंप, तो कोणी असेल तरच चालणार. पाणी ताडपत्री फाटून वरून आलं होतं, तळातून एक थेंब नाही. पण तळ गेला असता तरी पंप असाच झोपून राहिला असता.

मी फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी मेस्त स्वतः छत्री घेऊन ब्रिटोनाला आले, बघितलं, आणि माझ्यासमोर त्या इलेक्ट्रिशियनला फोन लावून जे बोलले ते मी इथे लिहू शकत नाही. वायर त्यांनीच बदलून दिली: पंप थेट बॅटरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, मध्ये दुसरा कसलाही स्विच नाही. पैसे घेतले नाहीत. चूक त्यांच्या माणसाची होती, तेव्हा घ्यायलाही नको होते.

बॅटरी आणि सोलर मी त्यांच्याकडून केलंच नाही, माझ्या भाच्याने आणि मी मिळून गणपतीनंतर केलं. लिथियमची १०० अँपिअर-अवरची एक, वजन बारा किलोच्या आसपास. तिच्या आधीची लेडची तीस किलोची होती आणि निम्म्याच्या खाली उतरवली की आजारी पडायची. ज्यांना हे करायचंय त्यांनी एक लक्षात ठेवा: इंजिनचा जुना अल्टरनेटर लिथियमला थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट पीत सुटते आणि अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये डीसी ते डीसी चार्जर घालावा लागतो. तो मानशीकडच्या इलेक्ट्रिशियनला ठाऊक नव्हता. नवऱ्याला फ्रिज मिळाला. निळे दिवे मी होऊ दिले नाहीत.

बिल एकूण १,६३,००० रुपये झालं. त्यात ओढणं, उभी ठेवणं आणि परत सोडणं ३०,०००, फायबरचं सगळं ७२,०००, बाकी रंग, ब्राँझचे कॉक, बेअरिंग, किरकोळ सामान, आणि वायरिंगचे १४,००० जे मला आजही टोचतात. सहा आठवडे उभी राहिली तरी भाडं तीनच आठवड्यांचं लावलं, हे सांगायला हवं. बिल कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनने लिहिलेलं होतं. पक्कं मागितलं तर मिळतं, पण आधी मागा, नंतर मागितलं तर फाल्यां.

यार्डात बसायला जागा म्हणजे एक पालथी होडी. संडास मेस्तांच्या घरचा. दुपारी त्यांच्या बायकोने दोनदा मला पातळभाजी आणि उंडो दिला आणि पैसे काढले तर रागावल्या. विंच चालवणारा हात तो, मी मुकाट जेवले.

आता पाऊस जाऊन दोन महिने झाले. फळी उचलली की बिल्ज कोरडं. एवढं कोरडं की परवा तिथे कोळ्याने जाळं विणलं होतं. ग्लॅण्ड मोजून मिनिटाला तीन थेंब देतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या छान झिजताहेत, बघून समाधान वाटतं. मागच्या शनिवारी कुंभारजुव्याच्या कालव्यातून गेलो. पंख्यात नायलॉनची दोरी अडकली तर मी पाण्यात उतरून काढतो म्हणणारा नवरा तिथे चिखलावर ऊन खात पडलेली मगर बघून जुवारी येईपर्यंत गप्प होता.

तर तळ, डेक, शाफ्ट, कॉक, जे जे पाण्याला टेकतं ते डोळे मिटून इथे न्या. विजेचं काम दुसऱ्याकडून करा, किंवा स्वतः उभं राहून करून घ्या, आणि मेन स्विच बंद करून फ्लोट हाताने उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तारीख ठरवताना पंचांग जवळ ठेवा आणि एक उधाण जास्तीचं धरा.

एक राहिलंच. पुढच्या झरोक्याचं रबर अजून गळतं, पावसात बरोबर माझ्या उशीवर एक थेंब पडतो. मेस्तांना ऑगस्टमध्ये दाखवलंय. फाल्यां म्हणालेत.